शेवटचे दोन आकडे

प्लास्टिकच्या हेलिकॉप्टरचं पातं वाकवायचं असेल तर घाई करून चालत नाही. पाणी उकळीच्या बेतात आलं की पातं त्यात बुडवायचं, मनात वीस आकडे मोजायचे, बाहेर काढून चिमटीत हलकेच खाली दाबायचं आणि थंड होईपर्यंत तसंच धरून बसायचं. पहिल्यांदा मला एवढा धीर नव्हता. मी पातं सरळ गॅसच्या आचेवर धरलं. दोन सेकंदांत ते तळलेल्या पापडासारखं वळलं आणि घरभर वास सुटला तो वेगळाच.

किटमध्ये पाती सरळ येतात, शाळेतल्या पट्टीसारखी. पण जमिनीवर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरची पाती अशी नसतात. एका टोकाला धरलेली ती लांब, बारीक पाती आपल्याच वजनानं दुसऱ्या टोकाकडे झुकतात. पंखा फिरायला लागला की ती ताणली जातात आणि यंत्र उचल घेतं तेव्हा टोकं उलट वर जातात. म्हणजे झुकलेलं पातं पाहणाऱ्याला सांगतं, हे यंत्र आत्ता थांबलेलं आहे. कुणी तरी आलंय, किंवा कुणाला तरी न्यायचंय. टेबलावर ठेवलेल्या मॉडेलची पाती सरळ असली तर जाणकार लगेच म्हणतो, खेळणं आहे.

आमच्या गावाबद्दल एक म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. बाहेरचे लोक ती आम्हाला चिडवायला वापरतात, आम्ही स्वतःला समजवायला. जमलं तर जमलं, नाही तर परभणी आहेच. माझ्या टेबलावर ही म्हण फार कामाला आली आहे. पण या वेळी अडचण अशी झाली, की 'जमलं' म्हणजे नेमकं काय, हेच मला कळेना.

मी बनवत होतो ते चेतक. मूळचं फ्रेंच 'अलुएट-३', ज्यानं १९५९ साली पहिलं उड्डाण केलं. पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं बंगळुरूला ते परवान्यानं बनवायला घेतलं आणि त्याला राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव मिळालं. पुढे मोठी फुगीर काच, आत पायलटसकट सात माणसांची जागा, जखमींना न्यायचं असेल तर दोन स्ट्रेचर, आणि डोक्यावर उघडं इंजिन. खऱ्या चेतकच्या पंख्याचा व्यास ११ मीटर आहे. १:७२ या प्रमाणात तो १५ सेंटिमीटर होतो. पूर्ण मॉडेल तळहातावर मावतं.

आता या प्रमाणाची गंमत बघा. बहात्तर पट लहान करायचं म्हटल्यावर सगळंच बहात्तर पट लहान व्हायला हवं. तसं होत नाही. किटमधली काच साधारण एक मिलिमीटर जाडीची होती. ती बहात्तर पट मोठी केली तर सात सेंटिमीटर जाड काच होते. एवढी काच घेऊन कुठलंही हेलिकॉप्टर उडणार नाही. पत्र्यांच्या जोडांच्या रेषा प्लास्टिकवर खोदलेल्या असतात. ती रेषा फक्त ०.३ मिलिमीटर रुंद धरली, तरी खऱ्या यंत्रावर दोन सेंटिमीटरची फट झाली. खऱ्या यंत्रावर बोटाएवढी फट दिसली तर पायलट आत बसायला नकार देईल. पण ही रेषा प्रमाणात खोदायची म्हटली तर ती डोळ्यांना दिसणारच नाही, आणि मॉडेल साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत, खोटं वाटेल.

रंगाचंही तेच. खऱ्या यंत्राच्या डब्यातला रंग आणून मॉडेलला दिला तर तो जास्त गडद वाटतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो. काचेसाठी मी लिंबाच्या लाकडाचा ठोकळा तासून, वॉटर पेपरनं घासून चेतकच्या नाकासारखा केला, तो कोल्ड्रिंकच्या बाटलीत घातला आणि मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानातल्या मित्राची हॉट एअर गन आणून वरून फिरवली. बाटलीचं प्लास्टिक गरम झालं की आकसतं आणि ठोकळ्याला चिकटून बसतं. मग ब्लेडनं कापून घ्यायचं. चौथ्या बाटलीला काच जमली. पातळ, स्वच्छ, नाकाच्या वळणाला नेमकी बसणारी.

म्हणजे हा छंद खोटेपणावर उभा आहे, असं म्हणता येईल. रेषा जास्त रुंद, रंग जास्त फिका, काच बाटलीची. आणि हे सगळं कशासाठी? तर खरं दिसावं म्हणून. प्लेटोनं 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात पलंगाचं उदाहरण दिलं आहे. पलंगाची कल्पना एक, सुतारानं केलेला पलंग तिची नक्कल, आणि चित्रकारानं काढलेला पलंग त्या नकलेची नक्कल. सत्यापासून सगळ्यात लांब. प्लेटोच्या हिशेबात माझ्या बाटलीच्या काचेला कुठे जागा मिळाली असती, देव जाणे. मला मात्र वाटत होतं, की डोळ्याला फसवणं आणि माणसाला फसवणं यांत फरक आहे. तो फरक नेमका कुठे आहे, हे मला मामांमुळे कळलं. पुस्तकातून कळलं नसतं.

•

मामा गंगाखेडला असतात. हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी चेतकवर काढली. आता वय झालंय. दुपारी जेवले की नाही, हे संध्याकाळी आठवत नाही. मामेबहिणीनं मला सांगितलं, की त्यांच्या जुन्या फोटोत एक हेलिकॉप्टर आहे, तेवढं बनवून दे, हातात धरायला काही तरी होईल. मी लगेच हो म्हणालो. खरं सांगायचं तर त्यात मामांपेक्षा माझीच हौस जास्त होती.

मॉडेल निम्मंअधिक झाल्यावर मी ते दाखवायला घेऊन गेलो. यूट्यूबवर बघून बघून मी त्याला छान जुनाट केलं होतं. इंजिनाच्या नळीमागे काजळी, शेपटीवर तेलाचे ओघळ, दाराच्या कडेला उडालेला रंग. या प्रकाराला 'वेदरिंग' म्हणतात आणि मॉडेल करणाऱ्यांच्या जगात त्याची फार किंमत आहे. मामांनी ते खिडकीपाशी नेलं, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे काय लागलंय?"

"धूर, मामा. तेलाचा ओघळ. खरं दिसावं म्हणून."

"खरं?" मामा म्हणाले. "ड्यूटीला कोण होतं त्या दिवशी?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग ते समजावून सांगायला लागले, आणि ज्या माणसाला दुपारचं जेवण आठवत नाही, तो माणूस एकही शब्द न अडखळता बोलत होता. ओघळ दिसला की आधी तो कुठून आला, हे शोधायचं. पुसायचं नंतर. उड्डाणाआधी तपासणी करायची आणि एफ-७०० मध्ये सही करायची. एफ-७०० म्हणजे त्या यंत्राचं पुस्तक, काय तपासलं, काय बदललं, कुणी बघितलं, सगळं त्यात. पायलट तुमच्याकडे बघून बसत नाही, त्या सहीकडे बघून बसतो.

"असा ओघळ ठेवून मी सही केली असती का रे? आम्ही रोज पुसत होतो मशीन. रोज."

मी ज्याला वातावरण समजत होतो, तो त्यांच्या दृष्टीनं आरोप होता. ज्या यंत्राची काळजी या माणसानं घेतली, ते बेवारशी होतं, असं मी रंगानं लिहून ठेवलं होतं. आणि ते मी कशावरून लिहिलं? भलत्याच देशातल्या, भलत्याच युद्धातल्या मॉडेलांच्या फोटोंवरून. ते दिसायला खरं होतं. फक्त या यंत्राबद्दल खरं नव्हतं.

मी ओघळ पुसून काढतो म्हणालो. मामांनी मान हलवली, पण मॉडेल परत दिलं नाही. दाराखालच्या जागेवर नख टेकवलं. "इथला रंग मात्र उडव. इथं सगळेच पाय द्यायचे. कितीदा मारला तरी राहायचा नाही."

घरी येऊन टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवून मी काजळी काढली आणि दाराखालचा रंग घासला. एक खूण हलगर्जीची, दुसरी वापराची. दोन्ही झिजेच्याच खुणा. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच 'रिअलिस्टिक' वाटतील. फरक फक्त ज्यानं तिथे काम केलं त्याला दिसतो. आपण दुसऱ्याच्या आयुष्याची नक्कल करतो तेव्हा हे लक्षात राहत नाही, की ज्याला आपण 'टेक्श्चर' म्हणतो, तिथे कुणाची तरी अब्रू असते.

•

खरा पेच पुढे आला, नंबरचा.

हवाई दलाच्या हेलिकॉप्टरच्या शेपटीवर नंबर असतो आणि त्याची सुरुवात इंग्रजी 'झेड' अक्षरानं होते. मामांच्या फोटोत झेड दिसतो, पुढचे दोन आकडे दिसतात. शेवटचे दोन एका पावसाळ्यात भिंतीच्या ओलीनं खाल्ले. त्याच ओलीनं फोटोतल्या दुसऱ्या माणसाचा चेहराही अर्धा खाल्ला. तो मामांचा जोडीदार. एकाच मशीनवर दोघांनी कामं केली, पुढे तो एका अपघातात गेला. मामा त्याबद्दल जास्त बोलत नाहीत. फोटोतला चेहरा दिसत नाही म्हणून त्यांना तो ओळखू येत नाही, असंही नाही. त्याच्या उभं राहण्यावरून ओळखतात. एक खांदा थोडा खाली.

मामेबहिणीनं यावर उपाय शोधला. जुने फोटो स्वच्छ करून देणारं एक ॲप आहे, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये असेल. तिनं फोटो टाकला. अर्ध्या मिनिटात आकडे आले. ठसठशीत, कालच रंगवल्यासारखे. मला स्क्रीनशॉट पाठवला, "बघ, नंबर मिळाला!"

मी खूश झालो. पण सवय वाईट. मी तोच फोटो माझ्या मोबाइलवर पुन्हा टाकला. आकडे आले, तितकेच ठसठशीत. पण वेगळे.

ॲपनं काही लपवलं नव्हतं, कारण त्याच्याकडे लपवायला काही नव्हतंच. ओलीखाली आकडे उरलेच नव्हते. तिथे आकडा असावा, एवढं त्याला कळलं आणि त्यानं आकडा काढला. चेहऱ्याचंही तेच केलं. जोडीदाराला छान चेहरा मिळाला, सरळ नाक, हसरे डोळे, आणि खांदाही थोडा नीट झाला. मामेबहिणीनं तो फोटो मोठा करून मामांना दाखवला. मामा बराच वेळ बघत बसले.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

ज्या माणसाला ते ओलीनं खाल्लेल्या फोटोतही ओळखत होते, त्याला त्यांनी स्वच्छ फोटोत ओळखलं नाही. तिनं तो फोटो लगेच काढून ठेवला. त्या दिवसापासून मला 'रिअलिस्टिक' या शब्दाची थोडी भीती वाटते.

•

पण मग मी स्वतः काय वेगळं करत होतो? माझी काचही बाटलीची. माझ्या रेषाही दोन सेंटिमीटरच्या. ॲपनं अंदाज केला, मीही करतो. मी त्याला नावं ठेवू शकतो का?

उत्तर शोधताना मला पोळा आठवला. आमच्याकडे श्रावणी अमावस्येला बैलांचा सण. ज्याच्या दावणीला बैल आहे तो आदल्या दिवशी खांदेमळणी करतो, सजवतो, मिरवतो. ज्याच्याकडे बैल नाही, आणि आता तशीच घरं जास्त, तो बाजारातून मातीची जोडी आणतो. त्या मातीच्या बैलात खरं दिसण्यासारखं काहीही नसतं. चार खुंट्या, एक वशिंड, दोन शिंगं, वर चकचकीत रंग. तरी त्याला हळदकुंकू लागतं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला जातो, आणि नैवेद्य दाखवणाऱ्या आज्जीला कुणी 'हे खोटं आहे' म्हणत नाही. कारण तो बैल 'मी खरा बैल आहे' असं म्हणतच नाही. आपल्या दावणीला बैल होता, किंवा असायला हवा होता, एवढंच तो सांगतो. आणि ते खरं असतं.

खोटं ठरायला आधी दावा लागतो. बाटलीची काच 'मी खरी काच आहे' असा दावा करत नाही. काचेतून आत कसं दिसतं, एवढं ती दाखवते, आणि मॉडेल बघणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. रेषा रुंद असते, पण जोड जिथे आहे तिथेच असते. हा बघणारा आणि बनवणारा यांच्यातला समजुतीचा करार आहे, नाटकात पडद्यावरचा डोंगर चालतो तसा. पण नंबर ही वेगळी गोष्ट आहे. नंबर दिसण्यासाठी नसतो, सांगण्यासाठी असतो. 'हेच ते मशीन, दुसरं नाही.' तिथे मनानं दोन आकडे टाकले, तर मी दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनचं नाव लिहितो. त्या मशीनवरही कुणी तरी सह्या केल्या असतील. कदाचित तेही कुणाला तरी घेऊन पडलं असेल.

जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्यांनी हा पेच आपल्याआधी सोडवला आहे. जिंतूर तालुक्यात चारठाण्याला जुनी हेमाडपंती देवळं आहेत, कोरीव खांब आहेत. समजा, अशा देवळाचा एक खांब गेला. तिथे काय उभं करायचं? आजचा कारागीर हुबेहूब जुना वाटेल असं नक्षीकाम करू शकतो. १९६४ सालच्या व्हेनिस सनदेनं यावर नियम घालून दिला. हरवलेल्या भागाच्या जागी जे बसवाल ते एकूण रचनेशी जुळतं असावं, पण मूळ भागापासून वेगळं ओळखूही यावं. जिथे अंदाज सुरू होतो, तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे. म्हणून अनेक जुन्या वास्तूंमध्ये मध्येच एखादा साधा, नक्षी नसलेला दगड दिसतो. लहानपणी मला तो कंजूषपणा वाटायचा. आता कळतं, तो दगड म्हणतो, "इथे काय होतं हे आम्हाला माहीत नाही, पण छत पडू नये म्हणून मी उभा आहे."

यावर कुणी म्हणेल, एवढा विचार कशाला? तांदळाच्या दाण्याएवढे आकडे. मामा काही दिवसांनी तेही विसरतील. दोन आकडे टाक, म्हाताऱ्याला बरं वाटू दे. हा आक्षेप मला हसण्यावारी नेता येत नाही, कारण त्यात माया आहे. पण ज्या माणसानं आयुष्यभर बघितल्याशिवाय सही केली नाही, त्याच्या हातात न बघितलेला नंबर ठेवायचा, आणि तेही तो आता तपासू शकत नाही म्हणून? त्याला कळणार नाही, हे कारण फसवणं सोपं करतं, योग्य करत नाही. उलट जो तपासू शकत नाही, त्याच्यापाशी जास्त जपून बोलावं लागतं.

•

मी शेवटचे दोन आकडे मोकळे ठेवून मॉडेल गंगाखेडला नेलं. पाती झुकलेली, शेपूट स्वच्छ, दाराखालचा रंग उडालेला. मामांनी आधी पाती बघितली. "बरोबर," म्हणाले. मग शेपटीवर बोट फिरवलं आणि जिथे जागा मोकळी होती तिथे थांबले. त्यांनी दोन आकडे सांगितले.

मामेबहिणीनं माझ्याकडे बघितलं. मलाही तेच वाटलं. ज्यांना सकाळचं आठवत नाही, त्यांच्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा? ॲपनंही आकडे सांगितले होते, मामांनीही सांगितले. फरक काय? मी धीर करून विचारलं, "मामा, नक्की?"

ते गप्प बसले. मग म्हणाले, "नक्की म्हणता येत नाही. मला वाटतं तेच होते."

फरक तिथेच होता. ॲपला 'मला वाटतं' म्हणता आलं नव्हतं. त्याच्या दोन्ही उत्तरांचा रंग सारखाच पक्का होता. मामांच्या उत्तराला मालक होता. तो तिथे उभा राहिलेला होता, त्याला परत विचारता येत होतं, आणि आपल्याला किती माहीत आहे, हेही त्याला माहीत होतं. आठवण चुकली असेल. पण अंदाज आहे हे सांगून दिलेला अंदाज कुणाला फसवत नाही.

मी ब्रश आणि पांढरा रंग बाहेर काढला. मामांनी हात आडवा केला.

"रंगानं नको. पेन्सिलनं लिही."

मी बारीक टोक काढून, श्वास धरून, ते दोन आकडे पेन्सिलनं लिहिले. झेड आणि पहिले दोन आकडे पांढऱ्या रंगात, शेवटचे दोन करड्या पेन्सिलीत. आता फक्त सगळ्यावर लॅकरचा शेवटचा हात द्यायचा राहिला होता, म्हणजे वर्षानुवर्षं काही पुसलं जाणार नाही. मामा तेही बघत होते.

"तेवढ्या जागेवर मारू नकोस," ते म्हणाले. "उद्या आठवलं तर खोडता यायला पाहिजे."

ते मॉडेल आता त्यांच्या खिडकीत आहे. उजेड तिरपा आला की शेपटीवरचा तो छोटा चौकोन बाकीपेक्षा निस्तेज दिसतो. स्पर्धेत ठेवलं असतं तर परीक्षकांनी फिनिशिंगचे मार्क कापले असते. मामेबहीण सांगते, अजून तरी त्यांनी काही खोडलेलं नाही. खोडरबर मात्र तिनं शेजारीच ठेवलंय.